‘आऊट!’ : तीन फायनल आणि एक भाची

कानात हेडफोन घालून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि ऑफिसात आवाज न करता हे वाचणाऱ्यांनाही. आजचा विषय आहे, लहान मूल बोलायला कसं शिकतं? आणि तो समजून घ्यायला आपल्याला क्रिकेटच्या तीन फायनल लागणार आहेत. थांबा, सांगतो.

माझ्या ताईची मुलगी. घरात तिला आम्ही चिऊ म्हणतो.

पहिली फायनल, १९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबाद. सलग दहा मॅच जिंकून आलेला भारत २४० वर ऑलआऊट. चिऊ तेव्हा तेरा महिन्यांची, आजोबांच्या मांडीवर. प्रत्येक विकेटला आजोबा कपाळावर हात मारून म्हणायचे, ‘आऊट!’ म्हणजे दहा वेळा तोच शब्द, तोच सूर, तोच हात. पुढे ट्रॅव्हिस हेडने १३७ ठोकले, आपण सहा विकेटनी हरलो, घरात सुतक. कोणीतरी दिवा मालवला आणि अंधारातून आवाज आला, ‘आऊ!’

त्यानंतर सगळंच ‘आऊ’. बॉल सोफ्याखाली गेला, आऊ. बाबा ऑफिसला निघाले, आऊ. आम्ही हसायचो, पण यात तिची चूक नव्हती. पोरांकडे शब्द चारच असतात आणि सांगायचं खूप असतं. म्हणून एकच शब्द ती ताणून वापरतात. चिऊचा नियम साधा होता, ‘होतं ते गेलं’ म्हणजे आऊ. विचार केला तर विकेटचा अर्थही तोच की!

आणि ‘ट’ कुठे गेला? त्याला जीभ वर वळवावी लागते, ते नंतर जमतं. प, ब, म हे ओठांचे आवाज आधी येतात. ओठ मिटले, उघडले, झालं. म्हणून बाबा, मामा, पापा हे शब्द लवकर येतात. (मामा लवकर आला म्हणून मी भाव खाल्ला होता, ते सोडा.)

दुसरी फायनल, २९ जून २०२४, बार्बाडोस. दक्षिण आफ्रिकेला ३० बॉलमध्ये ३० हवे होते. मॅच गेली असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. शेवटच्या ओव्हरच्या पहिल्याच बॉलला सूर्यकुमारने बाउंड्रीवर मिलरचा कॅच घेतला आणि आपण सात रनांनी जिंकलो. बिल्डिंगभर फटाके. चिऊ वीस महिन्यांची. ती टाळ्या वाजवत होती, पण बोलत नव्हती. शब्द मोजून आठ.

शेजारच्या काकू म्हणाल्या, “मुली तर लवकर बोलतात हो.” आत्या म्हणाली, “आमचा तर तीन वर्षांनी बोलला, काही होत नाही.” ताई गप्प. तिची भीती वेगळी होती. हिला नीट ऐकू येतं ना?

इथे माझा कबुलीजबाब. दुपारी चिऊ माझ्याकडे असायची आणि मी एडिटिंग करताना तिच्या हातात मोबाईल द्यायचो. गाणी लावून. ‘शिकतेय की काहीतरी,’ असं म्हणत.

शिकतं का मूल त्यातून? २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरिन चिनी ऐकवली. काहींशी माणूस समोर बसून खेळला, बोलला. काहींना तेच व्हिडिओवर दाखवलं, काहींना नुसता आवाज. चिनीतले आवाज ओळखायला शिकली ती फक्त पहिली बाळं. स्क्रीन आणि स्पीकरवाली बाळं, काहीच न ऐकलेल्यांइतकीच कोरी.

कारण मोबाईल बोलतो, पण थांबत नाही. मूल ‘आऊ’ म्हणालं तर ‘हो गं, दिवा गेला’ असं उत्तर देत नाही. ‘आऊट’ हा शब्द चिऊला टीव्हीने दिलाच नव्हता, आजोबांनी दिला होता. जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते, एक वर्षाच्या आत स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभराच्या वर नको.

मोबाईलमुळेच तिचं बोलणं लांबलं असं मी म्हणणार नाही. प्रत्येक मुलाचा वेग वेगळा. पण वाट बघत बसणंही बरोबर नाही. ताईने कानांची तपासणी करून घेतली. कान ठणठणीत निघाले. डॉक्टरांनी विचारलं, “सांगितलेलं समजतं का?” समजत होतं. ‘चप्पल आण’ म्हटलं की आणायची. समज बोलण्याच्या पुढे धावत असते, आणि ती आहे ही चांगली खूण. सल्ला एकच मिळाला, तिच्याशी बोला आणि उत्तराला वेळ द्या.

मग मी दुपारी लॅपटॉप मिटायला लागलो. कांदे-बटाटे मोजले, बाल्कनीतून रिक्षा मोजल्या.

तिसरी फायनल, ९ मार्च २०२५, दुबई. न्यूझीलंडचे २५१. जडेजाने चौकार मारला, आपण चार विकेटनी जिंकलो. एकोणतीस महिन्यांची चिऊ प्लास्टिकची बॅट घेऊन माझ्यासमोर उभी. मी मुद्दाम बोल्ड झालो. ती ओरडली, “मामाला आऊट करलं!”

‘करलं’. आजोबा सुधारायला निघाले, मी थांबवलं. ‘करलं’ हे तिने कुणाकडूनही ऐकलेलं नव्हतं. ‘बसलं’, ‘पडलं’ ऐकून तिने स्वतः नियम काढला आणि ‘कर’ला लावला. ही चूक म्हणजे डोक्यात व्याकरण उगवल्याची पावती. आपण फक्त म्हणायचं, “हो, आऊट केलं!” बाकी ती बघून घेते.

तुमच्या घरात कुणी छोटं असेल तर एवढं लक्षात ठेवा. दोन वर्षांपर्यंत ‘बाबा गेले’ असे दोन शब्द जोडले जात नसतील, किंवा येणारे शब्दच बंद झाले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान तपासून घ्या. काकू काहीही म्हणोत.

आणि पुढची मॅच बघताना त्याला मांडीवर घ्या, मोबाईल लांब ठेवा. विकेट कुणाचीही पडो, ‘आऊट’ मात्र तुम्ही म्हणा. भेटू पुढच्या भागात!