पानाने कपाट उघडू नये

ग्रंथालयाच्या दोन तऱ्हा आपल्या परिचयाच्या आहेत. मुक्तद्वार ग्रंथालयात वाचक स्वतः कपाटांमधून हिंडतो. दुसऱ्या तऱ्हेत तो खिडकीवर चिठ्ठी देतो आणि आतला माणूस पुस्तक आणून देतो. वाचक म्हणून मला पहिली तऱ्हा प्रिय आहे. संगणकावर सूची उभारताना मात्र मी दुसरीचा कट्टर पुरस्कर्ता झालो आहे. मी संगणकशास्त्र रीतसर शिकलेलो नाही. जुन्या नियतकालिकांच्या लेखसूची करता करता, पुस्तके वाचून आणि इतरांचे प्रोग्रॅम उघडून पाहून जे उमगले, तेवढेच इथे मांडतो.

वाचक संकेतस्थळावर लेखकाचे नाव टाकतो तेव्हा दोन निराळी कामे होतात. डेटाबेसमधून नोंदी शोधायच्या आणि त्या पानावर मांडायच्या. डेटाबेसला प्रश्न विचारायचा तो एसक्यूएल या भाषेत, आणि त्यात कोणत्या तक्त्यातला कोणता रकाना हवा तेही सांगावे लागते. पीएचपी ही भाषा 1995 नंतर झपाट्याने पसरली, त्याचे एक कारण असे की हा प्रश्न पानाच्या मजकुरातच, दोन ठळक शीर्षकांच्या मधोमध लिहिता येई. शिकायला सोपे, दाखवायला झटपट. एका संस्थेची सूची मी आतून पाहिली ती अशीच होती. शोधाचे पान, लेखकाचे पान, वर्षवार यादी, छापायची यादी, सगळीकडे तेच प्रश्न थोड्याफार फरकाने विखुरलेले. म्हणजे प्रत्येक पानाकडे कपाटाची किल्ली!

यात बिघडले काय, ते मराठीच्याच उदाहरणाने सांगता येते. ‘वाऱ्यावर’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवला जातो. एकात नुक्ता असलेला र आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण नीट सांगून ठेवले नसेल तर संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चेही तसेच. या अक्षराला स्वतंत्र स्थान मिळाले 2008 मध्ये. त्याआधी ते अ आणि चंद्र जोडून लिहीत, आजही अनेक जण तसेच लिहितात. उपाय सोपा आहे: नोंद साठवताना आणि शोधताना शब्द एकाच रूपात आणायचा. त्या संस्थेच्या सूचीत हा उपाय शोधाच्या पानावर केलेला होता, लेखकाच्या पानावर राहून गेला होता. त्यामुळे एकच लेख एका पानावर सापडे आणि दुसरीकडे ‘नोंद नाही’ असे उत्तर येई. अभ्यासक ते वाचतो, असा लेख नाहीच असे धरून चालतो आणि पुढचे प्रकरण लिहून मोकळा होतो. सूचीच नसती तर निदान त्याने जुने अंक तरी चाळले असते.

डेव्हिड पार्नस यांनी 1972 मध्ये प्रोग्रॅमचे भाग कसे पाडावेत यावर एक निबंध लिहिला. त्यातले उदाहरण आपल्या विषयाला फारच जवळचे आहे. ओळींमधला प्रत्येक शब्द पाळीपाळीने पुढे आणायचा आणि सगळ्यांची वर्णानुक्रमे सूची करायची, असा तो प्रोग्रॅम. बहुतेक जण तो कामाच्या क्रमाने तोडतील: आधी वाचणे, मग फिरवणे, मग लावणे. पार्नस म्हणतात, तसे केले तर ओळी स्मृतीत कशा ठेवल्या आहेत हे प्रत्येक भागाला माहीत असावे लागते आणि ती ठेवण बदलली की सगळेच बदलावे लागते. त्याऐवजी जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे, तो एकेका भागात झाकून ठेवावा. मला हे पटते. कोणते काम कोणी करायचे, ही वाटणी दुय्यम; कोणाला काय माहीत नसावे, ही खरी वाटणी.

माझ्या सूचीत डेटाबेसशी बोलणारी एकच फाइल आहे. पाने तिला फक्त ‘या लेखकाचे लेख दे’, ‘या अंकाची अनुक्रमणिका दे’ एवढेच म्हणू शकतात. सुरुवातीला लेखकासाठी एकच रकाना होता. पण शिरवाडकरांची नाटके त्यांच्या नावाने आणि कविता कुसुमाग्रज या नावाने, तेव्हा माणूस आणि त्याची नावे यांचे तक्ते वेगळे करावे लागले. त्या फाइलमध्ये दोन दिवस गेले. पानांना पत्ताही लागला नाही.

बदल नेहमी आपल्या मनानेच होतो असेही नाही. डेटाबेसशी बोलण्याची पीएचपीतली जुनी आज्ञावली 2013 मध्ये कालबाह्य ठरवली गेली आणि 2015 च्या डिसेंबरात आलेल्या सातव्या आवृत्तीतून काढूनच टाकली. ज्यांनी ती पानोपानी पेरली होती, त्यांना प्रत्येक पान उघडणे भाग पडले. सुरक्षेचेही तेच. वाचकाने टाकलेला शब्द थेट प्रश्नात चिकटवला, तर नुसते एक अवतरणचिन्हही प्रश्न मोडते, आणि जाणकार खोडसाळ त्याच फटीतून पूर्ण तक्ता पळवू शकतो. प्रश्न आणि शब्द वेगवेगळे पाठवणे हा त्यावरचा उपाय; तो चाळीस ठिकाणी पाळण्यापेक्षा एका ठिकाणी पाळणे बरे.

या खिडकीची किंमतही आहे. पानाला कपाट दिसत नसल्याने आपण किती फेऱ्या घालतो आहोत हे त्याला कळत नाही. शंभर लेखांची यादी मागितली आणि मग प्रत्येकाच्या लेखकासाठी वेगळी चिठ्ठी दिली, तर एकशे एक प्रश्न होतात आणि पान रखडते. अशा वेळी ‘लेखकांसह अनुक्रमणिका’ ही स्वतंत्र चिठ्ठीच तयार करावी लागते. उलट टोकाला, तीन पानांच्या संकेतस्थळाला सात थर चढवणारेही मी पाहिले आहेत. त्यांच्याविषयी न बोललेले बरे.

जुनी विखुरलेली सूची हाती आली तर ती मोडून नव्याने लिहू नये. सर्व फाइलींमध्ये ‘सिलेक्ट’ हा शब्द शोधावा, कारण एसक्यूएलमध्ये नोंदी मागवणारा प्रश्न त्यानेच सुरू होतो. सापडलेले प्रश्न एकेक करून एका फाइलीत हलवावेत आणि पानावर त्या जागी नुसते नाव ठेवावे. पहिल्या आठवड्यातच एकसारखे वाटणारे दोन प्रश्न शेजारी येतात आणि त्यांच्यातला फरक दिसतो. तिथे थांबून, कोणता बरोबर ते जुन्या अंकाशी ताडून पाहावे.