सात वेळा पडलेला मास्तर

कॉलेजच्या इलेक्शनला उभं राहायचा विचार चाललाय? मग आधी बिल जॉर्जची गोष्ट ऐका.

हा अमेरिकन मुलगा शाळेत विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षपदासाठी उभा राहिला आणि दणकून आपटला. पुढे जॉर्जिया टेकला इंजिनीअरिंगला गेला. तिथे आणखी सहा निवडणुका लढवल्या, सहाही हरला. शेवटी काही सीनियर्सनी त्याला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, की तू हुशार आहेस, पण सतत स्वतःलाच पुढे रेटतोस. दुसऱ्यांसाठी तुला वेळच नसतो, मग तुझ्यामागे कोण येणार?

त्याला ते झोंबलं, पण पटलंही. तो बदलायला लागला, आणि मग मात्र निवडून यायला लागला.

गंमत म्हणजे हाच रोग पुढे पुन्हा उलटला. हार्वर्डमधून १९६६ मध्ये एमबीए केल्यावर तो चढत चढत ‘हनीवेल’मध्ये वरच्या खुर्चीच्या जवळ पोहोचला. १९८८ मध्ये एकदा घरी जाताना गाडीच्या आरशात बघितलं, तर चेहरा पडलेला! त्या खुर्चीच्या नादात आपण भलतंच कुणीतरी होतोय, हे त्याला कळलं. पूर्वी नाही म्हटलेली, तुलनेने लहान ‘मेडट्रॉनिक’ त्याने १९८९ मध्ये गाठली. १९४९ मध्ये मिनियापोलिसच्या एका गॅरेजमध्ये सुरू झालेली ही पेसमेकरवाली कंपनी. १९९१ ते २००१ तो तिचा सीईओ होता. या काळात कंपनीचं बाजारमूल्य सुमारे १.१ अब्ज डॉलरवरून ६० अब्जांवर गेलं. सुरुवातीलाच त्याने सांगून ठेवलं होतं, दहा वर्षांवर एक दिवस नाही. आणि साठी गाठायच्या आत तो खरंच उठला.

मग काय केलं? २००४ पासून हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकवायला लागला. त्याच्या कोर्समध्ये मुलं सहा-सहाच्या गटात बसतात आणि आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात अवघड प्रसंगाबद्दल बोलतात. १२५ नेत्यांच्या मुलाखतींवर आधारलेलं ‘ट्रू नॉर्थ’ हे पुस्तक २००७ मध्ये आलं.

सोबत ‘एक्सॉनमोबिल’, ‘नोव्हार्टिस’, ‘गोल्डमन सॅक्स’ अशा कंपन्यांच्या बोर्डांवरही तो होता. बोर्डावरचा स्वतंत्र संचालक कंपनी चालवत नाही. तो सीईओला प्रश्न विचारतो, वेळ आली तर बदलतोही. आणि इथेच खरी परीक्षा असते. २००८ च्या आर्थिक संकटात जॉर्ज ‘गोल्डमन’च्या बोर्डावर होता. २०१० मध्ये त्या बँकेने अमेरिकेच्या बाजार नियामकाशी ५५ कोटी डॉलर भरून तडजोड केली. वर्गात प्रामाणिक नेतृत्व शिकवणाऱ्या सरांना तुम्ही काय विचारलं असतंत? विचार करा. वर्गात बोलणं आणि बोर्डात हात वर करणं यांत अंतर आहे.

हे दोन्ही रस्ते आपल्याकडेही आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या बोर्डात किमान एक तृतीयांश स्वतंत्र संचालक लागतात. त्यांची मुदत सलग दोनदा, प्रत्येकी जास्तीत जास्त पाच वर्षं. म्हणजे इथेही दहा वर्षांनी उठायचंच! आणि यूजीसीच्या २०२२ च्या ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ योजनेत आपल्या क्षेत्रातला १५ वर्षांचा अनुभव असलेल्यांना पीएचडी नसतानाही शिकवता येतं.

त्यामुळे उद्या तुमच्या वर्गात असे कुणी सर किंवा मॅडम आले, तर फक्त पॅकेजचं विचारू नका. कधी हरलात, कुणी तोंडावर खरं सांगितलं आणि कुठे गप्प बसलात, तेही विचारा. तेवढं पुस्तकात सापडत नाही.