संपूर्ण धान्याच्या घरगुती भाजक्या वड्या : वर्ध्याच्या ग्रामोद्योगी आहारविचाराच्या संदर्भात

प्रस्तावना

पीठ, तूप आणि गोड पदार्थ एकत्र करून भाजलेला टिकाऊ अल्पोपहार वर्धा जिल्ह्यास नवा नाही. गोरस भांडारचा 'गोरस पाक' हा गव्हाचे पीठ, गाईचे तूप व साखर यांपासून भट्टीत भाजला जाणारा पदार्थ वर्ध्याची ओळख बनला आहे. अलीकडे शहरी बाजारात 'बार' या नावाने मिळणारी संपूर्ण धान्याची वडी ही याच कुळातील होय. प्रस्तुत लेखात अशा वडीची घडण, तिच्यातील घटकांचे प्रमाण आणि तिच्या मर्यादा यांचे विवेचन करण्यात आले आहे.

वैचारिक पार्श्वभूमी

महात्मा गांधींनी जोहान्सबर्ग येथील घरात बाजारच्या पावाऐवजी कुने यांच्या पद्धतीने बिनखमिराचा, कोंड्यासह पिठाचा पाव भाजण्यास सुरुवात केली होती. त्यासाठी त्यांनी सात पौंडांना हातजाते विकत घेतले, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. पुढे डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. मगनवाडीतून जे. सी. कुमारप्पा यांनी चालविलेल्या या कार्यात हातसडीचा तांदूळ, जात्यावरील पीठ, घाणीचे तेल आणि गूळ यांना मध्यवर्ती स्थान होते. धान्यातील सत्त्व आणि खेड्यातील रोजगार हे दोन्ही एकाच वेळी गिरणीत नाहीसे होतात, हे या विचाराचे मर्म होय.

संपूर्ण धान्याचे स्वरूप

गव्हाच्या दाण्यात स्थूलमानाने १४ ते १५ टक्के कोंडा, अडीच ते तीन टक्के अंकुर आणि उर्वरित भाग पिष्टमय गर असतो. मैद्यात प्रामुख्याने गरच उरतो. तंतुमय पदार्थ, 'ब' गटातील जीवनसत्त्वे व खनिजे यांचा मोठा हिस्सा कोंडा व अंकुराबरोबर निघून जातो. अंकुरातील तेलामुळे संपूर्ण पीठ लवकर खवट होते, म्हणून दूरच्या बाजारपेठेस मैदा सोयीचा ठरतो. याउलट संपूर्ण पीठ जवळच, थोडे थोडे आणि ताजे दळावे लागते. स्थानिक दळणाच्या आग्रहास असा अन्नशास्त्रीय आधारही आहे. तसेच 'मल्टिग्रेन' म्हणजे अनेक धान्ये. ती संपूर्णच असतील असे नव्हे, हा भेद वेष्टन वाचताना ध्यानी ठेवणे आवश्यक आहे.

प्रमाण व कृती

सोळा वड्यांसाठी पुढील प्रमाण उपयुक्त ठरते : गव्हाचे जाडसर पीठ १५० ग्रॅम, ज्वारीचे जाडसर पीठ १०० ग्रॅम, गूळ १५० ग्रॅम, तूप ७५ ग्रॅम, पाणी सुमारे ६० मिलिलिटर, पूरक जिन्नस १२५ ग्रॅम आणि चिमूटभर मीठ.

दोन्ही पिठे मंद आचेवर खमंग भाजून घ्यावीत. गूळ पाण्यात विरघळेपर्यंतच गरम करून गाळून घ्यावा. तारेचा पाक करण्याचे कारण नाही, कारण जादा पाणी भट्टीत उडून जाते. गरम दुधात गूळ घातल्यास दूध फाटण्याचा संभव असतो, म्हणून येथे पाणीच योग्य. गुळाच्या पाण्यात तूप मिसळून ते पीठ व पूरक जिन्नसांत कालवावे. मिश्रण वीस सेंटिमीटर चौरस थाळ्यात घट्ट दाबून बसवावे आणि १६० अंश सेल्सिअसला २५ ते ३० मिनिटे भाजावे. गुळामुळे रंग लवकर चढतो, म्हणून आच याहून अधिक नसावी. वड्या कोमट असतानाच कापाव्यात. थंड झाल्यावर कापल्यास तुकडे पडतात. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या कढईत वाळूचा थर तापवून, वर झाकण ठेवून भाजता येते. मात्र वेळ अधिक लागतो.

पूरक जिन्नसांतील स्वातंत्र्य

शेंगदाणे, तीळ, जवस, भोपळ्याच्या बिया, खोबरे, मनुका यांपैकी घरात असेल ते घ्यावे. हे स्वातंत्र्य तीन नियमांनी मर्यादित होते. पहिला, पूरक जिन्नसांचे वजन पिठाच्या निम्म्याहून अधिक नसावे. अन्यथा वडी भुसभुशीत होते. दुसरा, खजूर किंवा केळे घातल्यास गूळ व पाणी त्या मानाने कमी करावे. तिसरा, ज्वारीत ग्लुटेन नसल्याने केवळ ज्वारीची वडी बांधली जात नाही. अशा वेळी दोन चमचे जवसाची पूड थोड्या पाण्यात भिजवून घालावी. तिचा चिकटपणा ग्लुटेनची उणीव काही अंशी भरून काढतो. जवसाचे तेलही लवकर खवट होत असल्याने पूड ताजीच करावी.

मर्यादा

या वडीस 'पौष्टिक' म्हणताना अतिशयोक्ती टाळणे अगत्याचे आहे. वरील प्रमाणात प्रत्येक वडीत सुमारे नऊ ग्रॅम गूळ आणि पाच ग्रॅम तूप असते. गुळात अल्प खनिजे असली तरी तो मुख्यतः साखरच आहे आणि रक्तशर्करा तोही वाढवितो. ग्रामोद्योगाच्या दृष्टीने गुळाचे समर्थन जितके सयुक्तिक, तितके मधुमेही व्यक्तीच्या आहारात त्याचे समर्थन सयुक्तिक नाही. गव्हामुळे ग्लुटेन न सोसणाऱ्यांनीही ही वडी वर्ज्य करावी.

निष्कर्ष

पीठ, गूळ व तूप यांचे प्रमाण स्थिर ठेवल्यास पूरक जिन्नस बदलण्याची मोकळीक मिळते, हे या वडीचे सूत्र होय. ज्वारी, तीळ, जवस हे विदर्भाचे परिचित धान्य-जिन्नस तिच्यात सहज सामावतात. महाविद्यालयांच्या उपाहारगृहांत आणि वसतिगृहांत मैद्याच्या बिस्किटांना पर्याय शोधताना, तसेच गृहविज्ञान व वाणिज्य विभागांच्या संयुक्त प्रकल्पांसाठी या वडीचा विचार व्हावा. मात्र पीठ कोठे दळले, ज्वारी कोणाकडून घेतली आणि वडीत गूळ किती, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या प्रकल्पात असावीत. मगनवाडीच्या विचाराची कसोटी अशा साध्या हिशेबातच लागते.