कारीची शकावली आणि परमानंदाचं काव्य
(राजदरबारातलं लेखन : लेखांक सहावा)

गद्य म्हणजे हकिकत आणि काव्य म्हणजे अलंकार, अशी वाटणी आपण शाळेपासून करत आलो. दरबारी लेखनाला ती लावायला गेलं की फसगत होते. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद हे त्याचं ठळक उदाहरण. त्यातला मोठा पुरावा मिळाला तो भोर तालुक्यातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या दप्तरातून.

बखरींच्या आधारे वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ (इ. स. १६२७) ही तिथी कित्येक वर्षं चालत आली होती. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेध्यांची शकावली प्रसिद्ध केली. शके १५४० ते १६१९ या काळातल्या घटनांच्या या सालवार नोंदी. शक, महिना, तिथी, आणि काय घडलं ते एकदोन ओळींत. वर्णन, उपमा काही नाही. तिच्यात जन्मतिथी निघाली फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०.

एका घराण्याच्या टिपणावर चालत आलेली तिथी कोण सोडणार? वाद पेटला. पुढे ‘शिवभारत’ उजेडात आलं आणि १९२७ मध्ये स. म. दिवेकरांनी ते छापलं. त्याचा कर्ता कवींद्र परमानंद हा महाराजांच्या पदरचा कवी. काव्य संस्कृत, थाट पुराणाचा, नायक विष्णूचा अवतार, आणि कवी ही कथा काशीच्या पंडितांना ऐकवतो आहे अशी मांडणी. बत्तिसाव्या अध्यायात नऊ श्लोकांनंतर ते तुटतं. अशा ग्रंथात पक्की तारीख कोण शोधील? पण तिथे तीच फाल्गुन वद्य तृतीया निघाली. जोधपूरला सापडलेली कुंडलीही तेच सांगत होती. चुकलं होतं ते बखरींचं गद्य.

याचं नवल वाटायला नको. अवतारी पुरुषाच्या स्तुतीत जन्मवेळेचे ग्रह-नक्षत्र आलेच पाहिजेत. इथे तिथी हा स्तुतीचाच भाग आहे. कवी ती मोघम ठेवील कसा? बखरकारांना मात्र गोष्ट सांगायची होती, आणि त्यांतले बरेच जण त्या काळापासून पुष्कळ लांबचे.

जपानच्या दरबारातही एका राजजन्माची अशी दुहेरी नोंद आहे. १००८ साली सम्राट इचिजोची राणी शोशी हिला मुलगा झाला. तिचा बाप फुजिवारा मिचिनागा, खरी सत्ता त्याच्या हाती. तो पंचांगाच्या गुंडाळीवर तारखेपाशीच चिनी अक्षरांत मोजक्या नोंदी करी. त्याच्या हातच्या गुंडाळ्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. राणीच्या सेवेतली मुरासाकी शिकिबू त्याच जन्मावर जपानी गद्यात लिहिते. पन्नासाव्या दिवसाची मेजवानी, दारू चढलेले मानकरी, पडद्याआड लपलेली मुरासाकी आणि तिची सोबतीण, त्यांना शोधून ‘एकेक कविता करा’ म्हणून अडून बसलेला मिचिनागा, हे सगळं तिच्या गद्यात येतं. कवितेत तिने बाळाला हजारो वर्षांचं आयुष्य चिंतलं आणि बाकीचा गोंधळ बाहेर ठेवला. तिची कविता मंगल बोलून थांबली, परमानंदाच्या मंगलात पंचांगही आलं. मला यात परमानंद जास्त चतुर वाटतो, पण वाचायला मुरासाकीच बरी.

आणि गद्य नेहमी शकावलीसारखं कोरडं असतं असंही नाही. त्याच जेध्यांचा करिना, म्हणजे घराण्याची लिहून ठेवलेली हकिकत, वाचा. अफझलखान आला तेव्हा कान्होजी जेधे पाच मुलांना घेऊन महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडलं, हा प्रसंग करिन्यात संवादासकट, नाटकासारखा रंगतो. घराण्याची सेवा आणि हक्क पुढच्या पिढ्यांना दाखवायचे, तर लिहिणारा आपल्या माणसाला मागे ठेवील कशाला? म्हणून तारखांसाठी मी शकावलीवर विसंबेन. करिना वाचताना मात्र हा कागद कुणाच्या कामी येणार होता, हे आधी विचारीन.

भोर-वेल्ह्याच्या जुन्या वाड्यांत मोडी कागदांची गाठोडी अजून असतील. रद्दीत घालण्याआधी ती कुणा मोडी जाणणाऱ्याला किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवा.