तोंडाची ट्रॉली वेगळी, सांध्याची वेगळी

सकाळी ७ : ओटीत शिरल्यावर आधी इम्प्लांटच्या पेटीवरचं नाव, नंबर आणि बाजू फाईलशी ताडून पाहते. डावी बाजू. मुलगी २१ वर्षांची. लहानपणी हनुवटीवर आपटली आणि कानापुढचा जबड्याचा सांधा कवटीला हाडानेच जुळून गेला. तोंड जेमतेम ३ मिलिमीटर उघडतं, त्यामुळे दुधात कुस्करलेली भाकरी दातांच्या फटीतून आत सारायची. सीटी स्कॅनवरून तिच्याच हाडाच्या मापाचा सांधा घडवलाय : जबड्यावर बसणारा भाग टायटॅनियमचा, कवटीकडची वाटी पॉलिइथिलिनची.

८.३० : तोंडच उघडत नाही म्हटल्यावर नळी नाकातून, जागेपणीच, दुर्बिणीने घालावी लागते. गळ्यातून श्वासनलिका उघडण्याचा ट्रे मी मांडून ठेवलाय. भूलतज्ज्ञ मॅडम तिच्याशी सारखं बोलत राहतात. तिने माझा हात घट्ट धरलाय.

१० : कानात बोळा घातला. एक चीर कानापुढे, दुसरी जबड्याच्या कोनामागे. चेहरा हलवणारी नस मधूनच जाते, म्हणून मॉनिटर लावलाय. जुळलेलं हाड सर गाइडच्या खाचेबरहुकूम कापतात.

११.३० : दिवसातला माझ्या दृष्टीने सगळ्यात अवघड तास हाच. सांधा बसवण्याआधी वरचे-खालचे दात नेमक्या चाव्यात तारेने आवळायचे असतात, म्हणजे तोंडात हात घालणं आलंच. तोंड कधीच निर्जंतुक होत नाही. तिथले जंतू इम्प्लांटला चिकटले की त्यांचा थर धरतो, अँटिबायोटिक त्यात नीट पोचत नाही, आणि बहुतेकदा सांधा काढूनच टाकावा लागतो. म्हणून ट्रॉल्या दोन. तोंडाची पक्कड, तोंडाची सक्शन तिकडेच राहते. नवे रेसिडेंट तारा बांधून सरळ सांध्याकडे वळले.

“डॉक्टर, थांबा. आधी गाऊन आणि ग्लोव्हज बदला.”

त्यांनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, “सिस्टर सांगतायत तसं करा.” तोंडावर चिकट ड्रेप लागला, तेव्हाच मी इम्प्लांटचं पाकीट फोडलं. कॉम्प्युटरवर कितीही अचूक मापं घेतली तरी शेवटी सांधा टिकतो तो या शिस्तीवर, असं माझं ठाम मत आहे.

१.३० : वाटी आणि टायटॅनियमचा भाग स्क्रूंनी बसवले. अमेरिकेत १९८०च्या दशकात याच सांध्यात प्रोप्लास्ट-टेफ्लॉनचे इम्प्लांट घालत. ते झिजले, त्यांच्या कणांनी भोवतालचं हाड खाल्लं, आणि १९९०च्या सुमारास ते बाजारातून काढावे लागले. आताचं पॉलिइथिलिन खुब्या-गुडघ्याच्या सांध्यांतही वापरतात. पोटावरची थोडी चरबी काढून सांध्याभोवती भरली, म्हणजे पुन्हा हाड धरायला जागा उरत नाही. तारा सोडल्या, त्याही तोंडाच्या ट्रॉलीवरच्या हत्यारांनी. तोंड किती उघडतं ते पट्टीने मोजलं : ३४ मिलिमीटर!

४ : पूर्ण जाग आल्यावरच नळी काढली. कपाळाला आठ्या घाल म्हटलं, घातल्या. डोळे मिट, मिटले. नस शाबूत.

६ : वॉर्डात आई वाटच पाहत होती. “सिस्टर, भाकरी कधी देऊ?”

“आत्ता पातळच द्या, मावशी. मग काही आठवडे मऊ. आणि उद्यापासून व्यायाम. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, हळूहळू एकेक वाढवायची. दुखतं म्हणून ती टाळेल, पण तुम्ही सोडू नका. तोंड उघडताना हनुवटी जराशी डावीकडे जाईल, त्याला घाबरू नका. हा सांधा बिजागरीसारखा फिरतो, पुढे सरकत नाही.”

इम्प्लांटची स्टिकरं फाईलमध्ये चिकटवली, एक आईच्या कागदांत लावलं. दातांच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा हा कागद आधी दाखवा, असं दोनदा बजावून ड्युटी सोडली.