अँड्रॉइड फुकट, मग गूगल कमावतं कुठून?

ट्रेनिंगमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "सर, आधी फुकट देऊ, गिऱ्हाईक जमलं की पैसे कमावू. गूगलनेही तेच केलं ना?" नाही. नेमकं काय केलं ते बघा.

२००५ मध्ये गूगलने अँड्रॉइड ही छोटी कंपनी विकत घेतली. २००७ ला आयफोन आला, २००८ ला पहिला अँड्रॉइड फोन. ॲपलचा हिशोब सरळ होता: फोन महाग विकायचा, नफा फोनवरच. गूगलने मात्र अँड्रॉइड फोन कंपन्यांना फुकट दिलं. कारण त्यांचा गल्ला आधीच भरत होता, सर्चमधल्या जाहिरातींवर! लोक कॉम्प्युटरवरून मोबाईलवर येणार आणि तिथला दरवाजा दुसऱ्याच्या ताब्यात गेला तर धंदा अडकणार. म्हणून अँड्रॉइड. म्हणजे दुकानाकडे येणारा रस्ता स्वतःच बांधला.

पण आयफोनवालं गिऱ्हाईक? तो दरवाजा ॲपलचा. मग तिथे भाडं भरायचं. आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये गूगल सर्च आधीपासून सेट असावं, यासाठी २०२२ मध्ये गूगलने ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले. अमेरिकेतल्या कोर्ट केसमध्ये हे बाहेर आलं. सफारीतून होणाऱ्या सर्चच्या कमाईतला ३६ टक्के वाटा ॲपलला, हेही तिथेच कळलं. फोनमध्ये स्पर्धक, सर्चमध्ये भागीदार! पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये कोर्टाने सांगितलं, की गूगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकवली. अशा करारांवरही कोर्टाने बोट ठेवलं.

आता आपल्या धंद्यात या. समजा, तुमचं स्टेशनरीचं दुकान आहे आणि झेरॉक्स तुम्ही जवळपास खर्चालाच देता. झेरॉक्सला आलेलं पोरगं वही, पेन, फाईल घेऊन जात असेल, तर झेरॉक्स हे तुमचं अँड्रॉइड. नुसती झेरॉक्स घेऊन जात असेल, तर तो तोटा आहे, स्ट्रॅटेजी नाही.

म्हणून फुकट किंवा स्वस्त काही देण्याआधी तीन गोष्टी वहीत लिहा:

१. पैसा नक्की कुठल्या वस्तूवर सुटतो?
२. फुकटासाठी आलेल्या दहा जणांपैकी किती जण ती वस्तू घेतात?
३. गिऱ्हाईक दुसऱ्याच्या ॲपवरून येत असेल, तर कमिशन वजा जाता हातात काय उरतं?

महिनाभर मोजा. आकडे जुळले तर बिनधास्त फुकट द्या. नाही जुळले, तर उद्यापासून बंद करा. गल्ला दुसरीकडे भरत असेल तरच फुकट परवडतं.