परदेशी शिकणारी मुले व आपले कान

खामगावच्या कापूसपेठेने एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या भावाकडे कान ठेवूनच व्यवहार केला. परंतु समुद्रापार गेलेली आपलीच मुले घरच्या चालीरीतींविषयी बोलू लागली, की ती 'परकी झाली' असे म्हणून आपण मोकळे होतो. ही रीत आम्हांस न्याय्य वाटत नाही.

बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कास गेलेल्या भीमराव आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठाच्या चर्चावर्गात जातिसंस्थेवर निबंध वाचला. जातीतच विवाह करण्याचा निर्बंध हेच जातीचे मर्म होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते परकेपणाचे बोल होते काय? घरी सोसलेलेच त्यांनी तेथे शास्त्राच्या भाषेत मांडले.

आपल्याच लोणार तालुक्यातील राजू केंद्रे २०२१ साली शिष्यवृत्तीवर लंडनास गेले. त्यांची 'एकलव्य' संस्था, ज्यांच्या घरी पूर्वी कोणी शिकले नाही अशा मुलांस उच्च शिक्षणाची वाट दाखविते. दूर गेल्याने माती सुटत नाही, हेच यावरून दिसते.

तेव्हा सुज्ञ पालकांस आमची विनंती एवढीच: मुलगा वा मुलगी सुटीत घरी आली, म्हणजे तिकडील पगार विचारण्यापूर्वी इकडील कोणती रूढी खुपते, ते विचारावे, आणि घरात लग्नाची बोलणी निघतील, तेव्हा ते उत्तर विसरू नये.